गफूरचाचांचा सिनेमा

गफूरचाचा सिनेमाला जात नाहीत, असं मी एकदा बोललो. एकाच माणसापाशी बोललो आणि हळू आवाजात बोललो. ते खोटं होतं. बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढीच माझी बाजू. तीही फार दिवस टिकली नाही, कारण महिन्याच्या आत मला खरं काय ते कळलं आणि तरीही मी ते वाक्य परत घेतलं नाही. आता माझी पन्नाशी आली. सगळी उमर शाळेत गेली. वर्गात खोटं बोललेल्या पोराला उभं करताना दर वेळी मला येडशीच्या स्टेशनरस्त्यावरचं एक शिवणयंत्र आठवायचं आणि पोराला मी लगेच खाली बसवायचो. पोरांना वाटायचं, मास्तर मवाळ आहेत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी तेवीस वर्षांचा, येडशीच्या प्राथमिक शाळेत नवा लागलेलो. गाव मोगलाईत आणि बार्शी हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात. मध्ये अरुंद रुळांची छोटी गाडी आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बार्शीहून येणाऱ्याचं गाठोडं त्या नाक्यावर सोडून बघत. बार्शीत सिनेमा होता, आमच्याकडे नव्हता. म्हणून बार्शीचा सिनेमा आमच्यापर्यंत यायचा तो गफूर दर्ज्याच्या तोंडून.

गफूरचाचा उंच, किडकिडीत, खांद्यात जरा वाकलेले. गळ्यात टेप कायम. गाडीत बसतानाही ती उतरवत नसत. टोपीच्या काठाला दोरा ओवलेली सुई खोचलेली. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथं काळ्या दोऱ्याचा फास करून त्यांनी तो कानाला अडकवला होता. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीची कड चिमटीत धरायची, उलटी करायची, आतली शिवण बघायची आणि पुन्हा सरळ करून सोडायची, ही त्यांची सवय. पाटलाची बाही असो की हमालाची, ते फरक करत नसत. आधी लोकांना राग यायचा, मग सवय व्हायची. मला म्हणाले होते, “मास्तर, वरून समदे कपडे चांगलेच दिसत्यात. शिवण उलटून बगावी.”

दर पंधरा दिवसांनी रविवारी ते दोरे, बटणं, अस्तर आणायला सकाळच्या गाडीनं बार्शीला जात, दुपारचा खेळ बघत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. सोमवारी सकाळी यंत्रासमोरच्या फळीवर चार-सहा माणसं हटकून बसलेली असायची. स्टेशनावरचा पॉइंट्समन मारुती, शेंगा विकणारी सोनाबाई, कधी रामलिंगाच्या देवळाकडे निघालेले पुजारी आणि शाळा भरायच्या आधी मी. चाचा गोष्ट सांगत, पण गोष्टीपेक्षा त्यांचं मत ऐकायला आम्ही जात असू.

त्यांची मतं शिलाईची असत. ‘कापड चांगलं, हात कच्चा’ म्हणजे गोष्ट बरी, बनवणारा बेताचा. ‘अस्तर न्हाय’ म्हणजे आत काहीच नाही. गाणी फार झाली की ‘झालर लई लावली’. आणि सिनेमा खरोखर आवडला तर ते काहीच म्हणत नसत, नुसतं “धुतल्यावर कळंल” एवढं बोलत. मग आठ दिवसांनी कुणीतरी विचारायचं, “चाचा, धुतला का?” तेव्हा खरं मत यायचं. तोवर बऱ्याच सिनेमांचा रंग गेलेला असे.

पडद्यावरच्या कुठल्याही माणसावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. एका बोलपटात नायक भयंकर गरीब होता. बार्शीत म्हणे बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. चाचा म्हणाले, “मला त्या गड्याचा शक आला. त्याच्या सदऱ्याचं ठिगळ मशीनवर लावलेलं. चारी कोपरे सरळ. ज्याच्या घरी खायाला न्हाय त्याच्या घरी मशीन कुठली? गरिबाचं ठिगळ हातानं लावत्यात आणि ते वाकडंच बसतं.” सोनाबाईनं आपल्या लुगड्याचं ठिगळ बघितलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या वेळी देवादिकांचा खेळ होता. चाचांचं मत पडलं की पितांबराच्या काठाला यंत्राची दुमड दिसते आणि सत्ययुगात यंत्र नव्हतं. पुजारी चिडले. देवाच्या कपड्यांत खोट काढणारा तू कोण, असं ते म्हणाले. चाचांनी यंत्राचा पायटा थांबवला. “देवाला न्हाय म्हणत म्या. देवाच्या दर्ज्याला म्हणतो.” यावर पुजाऱ्यांनाही हसू आलं.

हे सगळं सत्तेचाळीस सालापर्यंत. त्यानंतर हसणं कमी झालं. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामाच्या राज्यातच राहिलो. रझाकारांच्या तुकड्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्याच शाळांतून शिकलेली पोरं निजामाशी लढायला हद्द ओलांडून पलीकडे तळ ठोकून बसली. गावात नवा माणूस दिसला की आधी तो कुणाकडचा हे विचारत, नाव मागाहून. जुन्या माणसांकडेही लोक तसंच बघू लागले. मीही बघू लागलो.

मला दिसलं ते असं. नाक्यावर बायकांच्या चोळ्यांच्या गाठी तपासत, पण चाचांचं गाठोडं उघडूनही बघत नसत. तिथला जमादार त्यांना नुसतं विचारायचा, “आज काय होतं?” आणि चाचा उभ्या उभ्या अर्धी गोष्ट सांगायचे. नाक्यावरच्या लोकांच्या खाकी कपड्यांची शिलाई त्यांच्याकडे असे, हे मला माहीत होतं. पुढं रझाकारांचे खाकी सदरेही त्यांच्या खुंटीवर लटकलेले दिसले. त्यांना नाही म्हणायची कुठल्या दर्ज्याची टाप होती? पण हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. मी शिवण उलटून बघत होतो. शिकवण त्यांचीच होती.

मग शेवटाचं प्रकरण झालं. एका सिनेमात आई असते आणि तिचा मुलगा शहरात जाऊन वाईट मार्गाला लागतो. सोनाबाईचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वी सोलापूरला गिरणीत लागतो म्हणून गेला होता, त्याचं पत्र नव्हतं. तिला चाचांनी सांगितलं की शेवटी पोरगा घरी येतो, आई त्याला भाकरी वाढते. ती दिवसभर आनंदात होती. दुपारी मारुती पॉइंट्समनला त्यांनीच सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, की पोरगा दारापर्यंत येतो, लाज वाटून परत फिरतो आणि आईला कळतही नाही. मारुतीला हळवं काही चालत नसे. तो म्हणाला, “हां, हे खरं वाटतं.”

त्यानंतर योगायोगानं मी सुटीत बार्शीला मामांकडे चार दिवस राहिलो आणि तोच सिनेमा पाहिला. शेवट दोन्हींहून वेगळा होता. परत आल्यावर मी दुकान गाठलं. चाचा एकटेच होते, काज करत बसले होते. मी म्हणालो, “चाचा, त्या आईच्या सिनेमाचा शेवट नक्की काय?”

“पोरगं घरी येतं.”

“आणि मारुतीला सांगितलात तो?”

“त्यो बी हायेच की.”

“दोन शेवट कसे असतील?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुमी बगितला व्हय मास्तर?”

मी हो म्हणालो. सुई कापडात तशीच राहिली. त्यांनी आवाज उतरवला आणि पुढं वाकून मला विचारलं, “मग काय झालं शेवटी?”

तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्यात उत्सुकतेशिवाय काही नव्हतं. पण त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझ्याकडून काढून घेतो आहे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर याला उत्तर देता यावं. मी म्हणालो, “तुम्हालाच ठाऊक असेल,” आणि उठून आलो.

माझी खात्री झाली की हा माणूस सिनेमाला जात नाही. वर्षानुवर्षं दर पंधरवड्याला बार्शीला जातो, सिनेमाचं नाव सांगतो आणि जातो कुठंतरी दुसरीकडेच. कुठं, याचं उत्तर त्या दिवसांत लगेच सुचायचं. पलीकडे आमच्या पोरांचा तळ होता. त्याची खबर कुणीतरी अलीकडे पोचवत होतं, असं बोललं जात होतं.

त्यांच्या पुढच्या खेपेच्या रविवारी मी त्यांच्याच गाडीनं बार्शीला गेलो, मागच्या डब्यात बसून. बाजारातल्या गर्दीत ते दिसेनासे झाले. मी थिएटरच्या मोठ्या दारासमोर हॉटेलात जाऊन बसलो. दुपारचा खेळ सुटला. एकेक माणूस निरखत मी उभा राहिलो. शेवटचा माणूस गेला, दरवान दार ओढू लागला. गफूरचाचा त्यांच्यात नव्हते. मी धावत स्टेशन गाठलं, तर गाडी निघून गेली होती. मला पुन्हा मामांकडेच मुक्काम करावा लागला.

इथं जरा थांबतो. खेळ सुटेपर्यंत मी थांबलो आणि माझी गाडी चुकली. ही गोष्ट मी हातात धरून उभा होतो. शाळेत मुलांना त्रैराशिक शिकवणारा मी. मला ती जुळवता आली नाही, कारण मला जुळवायचीच नव्हती.

मामांच्या घराकडे जाताना दत्तू भेटला. दत्तू माझा वर्गमित्र, तेव्हा तळावर होता. गाडी चुकल्याचा राग माझ्या डोक्यात होताच. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “येडशीचा गफूर दर्जी सिनेमाला म्हणून येतो, पण सिनेमाला जात नाही.” तो म्हणाला, कशावरून? मी म्हणालो, “शेवट विचारून बघा.”

ती युक्ती माझी होती.

पंधरा दिवसांनी चाचा रविवारच्या गाडीनं आले नाहीत. मंगळवारी दुपारी पायी आले. ओठ सुजलेला, उजव्या हाताचा अंगठा फडक्यात गुंडाळलेला, गळ्यात टेप नाही. गाडीतून उतरताना पडलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सोनाबाईनं हळद गरम करून आणली. मी शाळेच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. पुढं दोन-तीन दिवसांनी मी दुकानावरून गेलो तेव्हा ते डाव्या हातानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. त्यांनी मला हाक मारली नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

महिनाअखेर दत्तू मला बार्शीत भेटला. त्यानं चहा मागवला आणि सांगू लागला. तळावरच्या पोरांनी चाचांना शेवट विचारले होते, एकामागून एक पाच-सहा सिनेमांचे. एकही बरोबर आला नाही. “मग म्हणतो कसा, शेवट म्या बघतच न्हाय. गाडी असती, म्हणून आधीच बाजूच्या दारानं उठून जातो.” दत्तू हसला. “सांग की, पैसे मोजून शेवट न बघता उठतं का कुणी?”

मला उत्तर माहीत होतं. उठावंच लागतं. नाहीतर गाडी चुकते. माझी चुकली होती. एवढी वर्षं त्या माणसानं एकाही सिनेमाचा शेवट बघितला नव्हता. येडशीपर्यंतच्या प्रवासात डब्यात बसून तो राहिलेला तुकडा स्वतः जोडत होता, आणि ज्याच्या त्याच्या अंगाला बसेल असा कापून देत होता. सगळं गाव ज्याला सिनेमातला जाणकार मानतं त्यानं आपल्याला शेवट ठाऊक नाही हे कसं सांगावं? मारहाणीखाली त्यानं ते सांगितलं तेव्हा ते कुणाला पटलं नाही.

दत्तूला मी म्हणू शकलो असतो, अरे, तो खरं बोलतोय. एवढं वाक्य पुरे होतं. पण मीच तर सुरुवात केली होती. आता उलटं बोललो तर मी कुणाकडचा, असं दत्तू विचारेल, या भीतीनं मी चहा संपवला आणि म्हणालो, “बघा बुवा, तुम्हाला काय वाटतं ते.”

चाचांनी बार्शीला जाणं सोडलं. सोमवारची फळी रिकामी पडू लागली. संशयाचा वास गावात पसरला होता, त्यामुळे लोक शिलाई दुसरीकडे देऊ लागले. मारुती आणि सोनाबाई तेवढी येत. सोनाबाई एकदा म्हणाली, “भाऊ, नवा न्हाय तर जुनाच सांगा एकांदा.” चाचा म्हणाले, “इसरलो बाई.”

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर चौकशा सुरू झाल्या. संशयितांच्या यादीत गफूर दर्ज्याचं नाव होतं, आणि नावापुढं लिहिलं होतं: सिनेमाच्या नावाखाली बार्शीस जात असे. माझं वाक्य आता कागदावर उतरलं होतं. गावातला शिकलेला माणूस म्हणून मला चावडीत बोलावलं. अधिकारी सभ्य होता, त्यानं मला बसायला खुर्ची दिली. हे खरं आहे का, एवढंच त्यानं विचारलं. चाचा बाहेर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दार उघडं होतं. त्यांना ऐकू जात होतं.

मी म्हणालो, “लोक तसं म्हणतात.”

त्यांना नेलं ते कित्येक महिन्यांनी सोडलं. पुरावा नव्हता. तोवर त्यांच्या बायकोनं यंत्र विकून पोट भरलं होतं. उमरग्याला त्यांची मुलगी दिली होती, तिकडं जायचं त्यांनी ठरवलं. निघाले त्या दिवशी सोनाबाई आणि मारुती मोटारीपर्यंत गेले. मी वर्गात होतो. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. मुलांना मी शुद्धलेखन घालत राहिलो.

त्यानंतर पंचवीस वर्षांत मी किती गावं फिरलो. परंड्याला होतो, कळंबला होतो. प्रत्येक बदलीच्या वेळी मनात यायचं, उमरगा नको. शेवटी मुख्याध्यापक म्हणून उमरग्यालाच बदली आली. आठवडाभर मी बाजाराच्या वाटेनं गेलो नाही. मग एका रविवारी गेलो.

एका कापडदुकानाच्या पायरीवर ते हातशिलाई करत बसले होते. केस पांढरे, चष्मा नवा. मी समोर उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं, माझी बाही चिमटीत धरली, उलटी केली, आणि मग म्हणाले, “येडशीचे मास्तर.” ओळख बाहीवरून पटली की चेहऱ्यावरून, मला कळलं नाही. त्यांनी चहा मागवला. सोनाबाई कशी आहे विचारलं. ती वारली, असं मी सांगितलं. “पोरगं आलं का तिचं?” मी म्हणालो, नाही. ते बराच वेळ दोऱ्याला मेण लावत राहिले.

गावात पत्र्याचं थिएटर झालं होतं. मी म्हणालो, चला चाचा, तीनचा खेळ बघू. त्यांनी ‘आता काय’ म्हणून हात हलवला, आणि लगेच उठून चपला घातल्या.

आत ते ताठ बसून होते. नायकानं कोट घातला तेव्हा पुटपुटले, “खांदा उतरलाय.” मला बरं वाटलं. मग गोष्ट शेवटाकडे आली, पडद्यावर सगळे एका घरात जमू लागले, आणि चाचा उठले. कुणी हाक मारल्यासारखे उठले, वाकून रांगेतून सरकत बाजूच्या दारानं बाहेर गेले. त्यांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मी मागोमाग गेलो.

बाहेर ऊन होतं. सायकलींच्या रांगेपाशी ते उभे होते, जरा खजील. “सवय हाय,” ते म्हणाले. “बसवतच न्हाय.” आतून गाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “चाचा, त्या आईच्या सिनेमाचा शेवट तुम्ही मला विचारला होता. मी सांगितला नाही.” त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी म्हणालो, “आई स्वतः पोराला पोलिसांच्या हवाली करते.”

त्यांनी जरा विचार केला. “बरं झालं,” म्हणाले, “सोनाबाईला ह्यो सांगितला न्हाय.”

मग मला थांबता येईना. मी म्हणालो, “बार्शीत मी तुमच्या पाळतीवर आलो होतो. मोठ्या दारासमोर बसलो होतो. खेळ सुटेपर्यंत बसलो आणि माझी गाडी चुकली.”

“कंची? संध्याकाळची?”

“हो.”

“चुकणारच,” ते म्हणाले. “वीस मिनिटं आधी उठाया लागतं.”

“दत्तूला मीच सांगितलं होतं. शेवट विचारा, असंही मीच सांगितलं. आणि तुम्ही खरं बोलत होतात हे कळल्यावरसुद्धा मी बोललो नाही. चावडीत तुम्ही ओसरीवर होता, तेव्हाही नाही.”

त्यांनी माझी बाही धरली होती. कड उलटी करून ते आतली शिवण बघत होते, अंगठ्यानं चाचपत होते. तो अंगठा सरळ होत नव्हता.

“माझं चुकलं, चाचा,” मी म्हणालो. त्यांनी बाही पुन्हा सरळ केली आणि सोडली.